आईचं नाव वृत्तात बसेना

"छपाईची चूक राहिली असेल तर आत्ताच सांग, शुभे. उद्या भर मांडवात कुणी दात काढायला नकोत," असं म्हणून अण्णाकाकांनी गुलाबी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मिरजेच्या त्या कार्यालयात आम्ही मुलीकडची माणसं आदल्या दिवशीच उतरलो होतो. मला हळद लागून गेली होती आणि मेंदी काढणारी बाई अजून यायची होती. अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. हायस्कुलात त्यांनी उभा जन्म संस्कृत शिकवलं. आम्हा वैशंपायनांच्या घरात कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं त्यांनीच रचायची आणि माइक हातात धरून त्यांनीच म्हणायची, असा रिवाजच होता. वधूवरांची, आईबापांची, आत्यामामांची नावं ते शार्दूलविक्रीडितात अशी बसवायचे की आपलं नाव कुठल्या ओळीत येतंय म्हणून माणसं कान टवकारून बसायची.

मी वाचायला घेतलं. पहिलं कडवं गणपतीचं. दुसऱ्यात श्रीनिवास, म्हणजे माझा होणारा नवरा, त्याचे वडील, त्याची आई सुमती. तिसऱ्यात द्वारकाआत्या, दोन्हीकडचे मामा आणि श्रीनिवासचा चुलतभाऊ, तोही त्याच्या पदवीसकट. डॉक्टर हा इंग्रजी शब्दसुद्धा काकांनी शार्दूलविक्रीडितात बसवला होता. चौथं कडवं माझं. त्याच्या शेवटच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत, आणि त्या विसरायची माझी इच्छाही नाही:

जीचा माधव जो पिता सुरपुरी देई शुभाशीष तो
काका काकु उभे इथे हरषुनी, कुर्यात् सदा मंगलम्

माधव हे माझ्या वडिलांचं नाव. मी बालवर्गात होते तेव्हाच ते गेले. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"काका, आई कुठे आहे?"

"असेल कोठीच्या खोलीत. नारळ मोजत होती मघाशी."

"तसं नाही. यात कुठे आहे?"

काकांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं पुसायला घेतला. "बसलं नाही गं नाव. फार खटपट केली मी. वृत्तात बसत नाही, त्याला मी तरी काय करणार?"

"बसत नाही म्हणजे?"

"आता तुला सांगायला हवं का? एम.ए. ना तू मराठीची? कर लगक्रम. म-नो-र-मा."

मी बोटांवर मोजलं. मोजायला त्यांनीच मला शिकवलं होतं. सुट्टीत त्यांच्या घरी गेले की झोपाळ्यावर बसून ते ओळ म्हणायचे आणि मी झोपाळ्याच्या कडीवर ठोके द्यायचे. लघू अक्षराला हलका, गुरू अक्षराला जोरात. "लघू, गुरू, लघू, गुरू," मी म्हटलं.

"आता शार्दूलाचे गण घे," काकांनी एकेक बोट मिटायला घेतलं. " मगण, तिन्ही गुरू. तिथे नाही. सगण, दोन लघू नि गुरू. नाही. जगण, लघू गुरू लघू. इथे म-नो-र बसलं. पण पुढे पुन्हा सगण, म्हणजे लघू. 'मा' तर गुरू. अडलं! पुढचे तगण गुरूनंच सुरू होतात. संपली ओळ. सांग, कुठे घालू?"

मी तेव्हा एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते, वर्गात हेच गण फळ्यावर लिहीत होते, आणि तरी काकांच्या त्या फडाफड हिशेबापुढे मी मान डोलावली. काका माझ्या डोक्यावर टपली मारून मंडपवाल्याकडे निघून गेले.

मी तो कागद घेऊन कोठीच्या खोलीत गेले. आई खालीच बसली होती, पुढ्यात हळकुंडं नि सुपाऱ्यांच्या परड्या. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. माझ्या लग्नातला अंतरपाटसुद्धा तिनं घरी शिवला होता आणि त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक मात्र काकूनं काढलं होतं. सकाळी हळदीच्या वेळी आई या खोलीच्या दारात उभी होती, पुढे ये असं तिला कुणी म्हटलं नाही आणि तीही आली नाही.

"आई, तुझं नाव नाही यात."

तिनं कागद घेतला, वाचला, त्याची नीट घडी केली आणि तो मला परत दिला. "छान केलीयत हो भाऊजींनी."

"तुझं नाव वृत्तात बसत नाही म्हणाले."

आईनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग परडी पुढे ओढली. "असं म्हणाले का? बरं. जा तू, मेंदीवाली आली असेल."

मेंदीवाली आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवून तिनं मला भिंतीशी बसवलं आणि वाळेपर्यंत हलायचं नाही अशी ताकीद दिली. माणसाला हात वापरता येईनासे झाले की डोकं जास्त चालतं. मी आपली पायाच्या अंगठ्यानं फरशीवर ठोके द्यायला लागले. मगण, सगण, जगण, सगण, तगण, तगण आणि शेवटी एक गुरू. एकोणीस अक्षरं. डा डा डा, द द डा, द डा द. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. आणि मग माझा पाय थांबला.

सगणाच्या शेवटी लघू-गुरू आहे. त्याला लागून येणारा जगण लघू-गुरूनंच सुरू होतो. लघू, गुरू, लघू, गुरू. म-नो-र-मा. माझ्या आईचं नाव दोन गणांच्या बरोबर मधोमध बसत होतं, पाचव्या अक्षरापासून आठव्यापर्यंत. काकांनी मला गणाच्या दारातून आत शिरायला लावलं होतं, आणि प्रत्येक दार बंद दाखवलं होतं. पण ओळ काही गणागणाला तुटत नाही. गण ही मोजायची सोय आहे, हे पहिल्या दिवशी झोपाळ्यावर मला कुणी सांगितलं होतं? त्यांनीच! उभा जन्म वृत्तं कोळून प्यालेल्या माणसाला ही जागा दिसली नसेल? डॉक्टर दिसतो आणि मनोरमा दिसत नाही?

माझं डोकं असं तडकलं की वाळत आलेली मेंदी मी मुठी आवळून विस्कटून टाकली. मेंदीवाली ओरडली. मला तिचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं असतं, की तुझी आई विधवा आहे, तिचं नाव मी घेणार नाही, तर मी भांडले असते, रडले असते, पण निदान माणसाशी भांडले असते. त्यांनी मला शार्दूलविक्रीडिताशी भांडायला लावलं. मला जे त्यांनी स्वतः शिकवलं त्याच्याच आड ते लपले, आणि मी मूर्खासारखी मान डोलावून आले.

पाय पुन्हा ठेका धरायला लागला. ओळ जुळायला वेळ लागला नाही, रागात माझं डोकं भराभर चालतं.

काका मांडवात माइकवाल्याला सूचना देत होते. "जरा हळू ठेव बाबा, फार घुमतोय." मी तशीच, मेंदीचे हात पुढे धरून, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, बसलं."

"काय बसलं?"

मी म्हणून दाखवलं:

आई धन्य मनोरमा जवळि ही, कुर्यात् सदा मंगलम्

"वरच्या ओळीत बाबा सुरपुरी आहेत, खालच्या ओळीत आई जवळ आहे. मोजा."

त्यांनी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती, असल्या ओळी त्यांना ऐकताक्षणी कळायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क कौतुक आलं, शिष्येनं बरोबर उत्तर दिल्याचं. मग ते गेलं.

"जवळि हे ओढूनताणून ऱ्हस्व केलंयस."

"तुम्ही काकु केलंयत की!"

"शिवाय आता छापून झालं."

"म्हणायचं तुम्हाला आहे. छापलेलं कोण वाचत बसतंय?"

"आणि म्हणजे आमची ओळ उडवायची? मी नि तुझी काकू कन्यादान करणार, ते काय असेच?"

"तुम्हाला पाचव्या कडव्यात घेते. दोन ओळी घेते. चार घेते! आत्ता करून देते. आईला एक ओळ द्या."

काकू पंगतीच्या पाटांचं बघत होती, ती लगबगीनं आली. "शुभदा, आवाज खाली. संध्याकाळी व्याही यायचे आहेत सीमांतपूजनाला. मुलीच्या जातीनं असं..."

"काकू, तू मध्ये पडू नकोस. काका, खरं सांगा. नाव बसत नव्हतं की बसवायचं नव्हतं?"

"शुभे, पुरे."

"बसत नव्हतं की बसवायचं नव्हतं?"

"नाही बसवायचं!" काका ओरडले. माइकवाला वायर हातात धरून तसाच उभा राहिला. "ऐकायचंय ना? ऐक. अक्षता पडताना पांढऱ्या कपाळाचं नाव घेत नाहीत. मी नाही तो नियम केला. उद्या तुझ्या संसारात काही कमीजास्त झालं, तर लोक या ओळीवर बोट ठेवतील. माझ्या ओळीवर! आणि मला तुझी काळजी नाही असं वाटतं तुला?"

त्यांना काळजी होती, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या क्षणी मला त्या काळजीचाच संताप आला.

"बाबा मेले ना, काका? मेलेल्या माणसाचं नाव लग्नात चालतं. त्यांना तुम्ही स्वर्गातून आशीर्वाद द्यायला लावलंत. आणि जी जिवंत आहे, जिनं मला वाढवलं, तिचं नाव अशुभ? मेले ते, नि अपशकुन तिचा?"

"तो पुरुष होता," काका म्हणाले. बोलल्यावर त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण ते खाली बघायला लागले.

काकूची नजर माझ्या मागे गेली होती. मी वळले. आई हातात नारळांची परडी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं आता ही रडेल, किंवा निघून जाईल. तिनं परडी खाली ठेवली, मला दंडाला धरून कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"उद्या मांडवात तोंड उघडायचं नाहीस."

"मी ती ओळ म्हणणार. अंतरपाटामागून म्हणणार. बघू कोण अडवतं मला!"

"माझी शपथ आहे तुला."

"आई!"

"गळ्याची शपथ, शुभदा. नवरी बोलली तर तिला उद्धट म्हणतात, पुढचं कुणी ऐकत नाही. तू मुकाट उभी राहायचंस."

मी तिच्याशी संध्याकाळभर बोलले नाही. काकांचा राग आता आईवर येऊन साचला होता. तिला कुणी थोबाडीत मारली तरी ती दुसऱ्याचाच हात दुखला का विचारेल, असं मला वाटलं, आणि अशा बाईसाठी आपण भांडतोय याचीच चीड आली. सीमांतपूजनात मी लाकडासारखी बसून होते. श्रीनिवासनं हळूच विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मेंदी विस्कटली."

आमच्याकडे मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. अक्षता पडेपर्यंत तिनं मागच्या अंगणात तुळशीपाशी पाणी घालत बसायचं. सवाष्ण आईलाही हा नियम आहे, मग माझ्या आईबद्दल कुणी बोलायलाच नको. सकाळी मला मांडवात नेताना मी तिला पाहिलं ते पाठमोरंच. फिक्या रंगाची साडी, हातात तांब्या, मागच्या दाराकडे चाललेली.

अंतरपाट धरला गेला. त्याच्या पलीकडे श्रीनिवासची पावलं दिसत होती. हातातला हार जड झाला होता. समोर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. गुरुजींनी सुरुवात करून दिली आणि काकांनी माइक घेतला. आवाज अजून छान होता त्यांचा, मला त्याचाही राग आला. पहिलं कडवं झालं, 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं, सगळ्यांच्या मुठी उघडल्या. दुसरं झालं. श्रीनिवासच्या आईनं नाव आल्यावर पदर सारखा केला. तिसऱ्यात डॉक्टर आला, त्याबरोबर वरपक्षातून कुणीतरी "वा!" म्हणालं.

चौथं सुरू झालं. मी ओठ दातांत धरले होते. 'जीचा माधव जो पिता सुरपुरी' आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंतरपाट हलायला लागला. काकांनी ती ओळ संपवली आणि शेवटचा 'तो' लांबवला, त्यांची ती लकबच होती. पुढच्या ओळीच्या आधी ते एक दमदार श्वास घ्यायचे. या वेळीही त्यांनी घेतला.

त्या श्वासात मागून आवाज आला. माइक नसलेला, पातळ, पण मंगलाष्टकाच्या नेमक्या चालीत:

आली आज मनोरमा घरि नवी, कुर्यात् सदा मंगलम्

मी आईला कधी गाताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे आवाज कुणाचा ते कळायला मला एक क्षण लागला. ती मागच्या दारात उभी होती. हात ओले होते. काका माइकपाशी तसेच तोंड उघडं ठेवून थांबले होते, आणि मांडवभर अक्षता पडत होत्या. 'मंगलम्' ऐकलं की मूठ उघडायची, एवढंच त्या माणसांना ठाऊक होतं. अंतरपाटावर, माझ्या डोक्यावर, काकांच्या उपरण्यावर अक्षता पडल्या.

पहिल्या रांगेत द्वारकाआत्या बसली होती. तिला कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून ती बोलायची ते सगळ्या मांडवाला ऐकू जायचं. "अगं बाई! ही तर हिच्याच लग्नातली ओळ की गं!" ती शेजारणीला म्हणाली. "बाळूनंच केली होती. हिचं माहेरचं नाव चंपू. मनोरमा नावही बाळूनंच सुचवलं, म्हणाला, म्हणायला गोड आहे नि शार्दूलात फक्कड बसतं!"

बाळू म्हणजे अण्णाकाका.

मी अंतरपाटामागे उभी राहून पाय हलवून मोजलं. आ-ली-आ-ज. मग म-नो-र-मा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत. त्यांना ती जागा शोधायचीसुद्धा नव्हती, त्यांनी एकदा तिथे तिला बसवलेलंच होतं. ती सौभाग्यवती होती तोवर जागा होती. ती विधवा झाली, आणि ओळ त्याच मापाची असताना जागा गेली. काल माझ्यासमोर गण मोजून दाखवताना त्यांना हे सगळं आठवत होतं. त्या बोटांचा मला आजही तिरस्कार वाटतो.

काकांनी पुढची ओळ म्हटली नाही. त्यांच्या हातून माइक गुरुजींनी हळूच काढून घेतला आणि 'तदेव लग्नं' सुरू केलं. अंतरपाट दूर झाला. मी श्रीनिवासला हार घातला तो रागानं ओठ आवळून, आणि फोटोत मी रडतेय असं दिसतं. व्याह्यांकडे कुजबुज झाली, पण श्रीनिवासची आई उठून मागच्या दाराशी गेली आणि माझ्या आईला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवून आली. कन्यादानाला काका-काकूच बसले. संकल्प सांगताना काका दोनदा अडखळले.

मला आईशी बोलायला मिळालं ते पंगती बसल्यावर. ती मागच्या अंगणात होती, एकटीच. मी शालू वर धरून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "काल मी कागद दाखवला तेव्हाच माहीत होतं की ते खोटं बोलतायत. आणि मला शपथ घातलीस! काल संध्याकाळीच का नाही म्हटलीस ती ओळ? त्यांच्या तोंडावर?"

"काल म्हटली असती तर काय झालं असतं?"

"सगळ्यांना कळलं असतं!"

"कळून काय झालं असतं?" आईचा आवाज खाली होता, पण हात मुठी करून घट्ट धरलेले होते. तिला राग येतो, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. "भाऊजींनी दुसरं कारण काढलं असतं. तुझ्या काकूनं मला समजावलं असतं. मग मला खोलीत बसवून बाहेरून कडी लावली असती, नि तुझं लग्न सगळं शुभशुभ पार पडलं असतं. हळदीला मला हात लावू दिला नाही कुणी. माझ्या पोरीची ओटी मला भरू दिली नाही. त्यातल्या एकाचंही मत मला बदलायचं नव्हतं गं."

"मग?"

"मला त्यांच्या अक्षता हव्या होत्या," आई म्हणाली. "सगळ्यांच्या. माझ्या नावावर. पडल्या. आता घेऊ देत वेचून परत."